काटा स्थिर होईपर्यंत

प्रिय आकांक्षा,

डब्यात भाकरीखाली ही चिठ्ठी ठेवतोय. आधी जेव, मग वाच. भाजी गार झाली की तू खात नाहीस. खिडकीतून वारं येतं का? बाळाच्या डोक्यावर टोपी आहे ना? कल्याणला विचारलं तर नुसतं ‘हो बाबा’ म्हणतो, त्यानं माझं समाधान होत नाही. मला सारखं वर सोडत नाहीत, म्हणून दवाखान्याच्या दारातल्या बाकावर बसून लिहितोय. तुझा सासरा चौथीपर्यंतच शिकलाय, चुकलं तर समजून घे.

सातव्या महिन्यात तुझे पाय सुजले, तेव्हा ‘पहिलटकरणीला येतेच सूज’ असं मीच म्हणालो होतो. तू ऐकलं नाहीस, बरं केलंस. आशाताईंकडून बीपी मोजून घेतलंस आणि त्याच दिवशी परतूरहून जालन्याला आलीस. एक दिवस उशीर झाला असता तर दोघींचंही अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तीस वर्षं मोंढ्यात मापाडी होतो. कापूस, तूर, ज्वारी मोजली. क्विंटलच्या खाली कधी बोललो नाही. आता सकाळी कल्याणचा फोन आला की ‘किती ग्रॅम?’ एवढंच विचारतो. जन्मली तेव्हा बाराशे वीस. मग अकराशे चाळीसवर उतरली, तो आकडा मी कल्याणला तीनदा विचारला. पिवळी पडली, निळ्या दिव्याखाली ठेवली. एकदा तर श्वासच घ्यायची थांबली. तू तळपाय चोळून तिला जागं केलंस म्हणे. दर दोन तासांनी दूध काढून नळीतून देतेस, दिवसभर तिला उघड्या छातीशी बांधून बसतेस. काल तेराशे दहा! हे वजन तू वाढवलंस, पोरी.

तिसऱ्या दिवशी मला पाहायला सोडलं, तेव्हा खिशात मधाची बाटली होती. घरातल्या थोरल्यानं बाळाला मध चाटवायचा, ही आपली रीत. बोट तिच्या ओठाजवळ गेलं आणि तू माझं मनगट धरलंस. सगळ्यांसमोर. ‘मामा, न्हाई,’ एवढंच म्हणालीस. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुझ्या सासूबाईंनी तुला सांगितलं नसेल, कल्याणच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. असाच, सातव्या महिन्यात. त्याला मध मीच चाटवला. तिसऱ्या दिवशी गेला. कशानं, ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हा माझं मनगट धरणारं कोणी नव्हतं.

आता खरं कारण लिहितो. सिस्टर म्हणाल्या, आई थकली तर घरचं दुसरं कोणीही बाळाला छातीशी धरू शकतं. कल्याणची रजा संपली, सासूबाईंना खोकला आहे. उरलो मी. तंबाखू सोडून नऊ दिवस झाले. नखं कापलीत, पुढून उघडणारा सदरा शिवून घेतलाय. बाटली घरीच फेकली. हवं तर खिसे तपासायला लाव. एक तास मला दे, तेवढा वेळ तू झोप. मी हलणार नाही. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायची मला सवय आहे. पण इथं श्वास रोखायचा नाही, सिस्टरांना विचारून ठेवलंय. चालू ठेवायचा, म्हणजे तिलाही आठवण राहते.

तुझाच,
मामा