ऑगस्टमधली उचकी

३ मार्च, बुधवार
ताइनानच्या आमच्या प्रौढ वर्गात मी डेटा सायन्स शिकवायला घेतल्यापासून बावीसचे अकरा उरले. त्यातले चार झोपतात. अकराच्या खाली गेलो की वर्ग बंद. शिवाय २४ला प्रमुख तू बाई (तू हे त्यांचं आडनाव) तपासणीला येणार. हा वर्ग गेला तर मला मास्तर म्हणणारं कुणी उरत नाही.
उपाय सापडलाय: संगीत! आकडा वाढला की सूर चढेल, घटला की उतरेल. वर्गातल्या पेई-चिनला दिसत नाही, तिला आलेख कळणार कसे? आता कळतील. बिचारीवर उपकारच. संगीत माझ्या रक्तात आहे. शाळेच्या वाद्यवृंदात बासरी वाजवायचो. मागच्या रांगेत.

१० मार्च
तीन वर्षांचा पाऊस वाजवून दाखवला. पेई-चिन म्हणाली, सर, ऑगस्टमध्ये उचकी लागतेय, आकडे गळालेत का? ती माझी शैली आहे, असं सांगितलं. नंतर बघायला हवं.
वर्गातल्या ओउयांग मावशींनी विचारलं, मास्तर, मांजराच्या शेपटीवर पाय पडला का कुणाचा? दुर्लक्ष केलं.

१७ मार्च
ऑगस्ट बघायचा राहिला. चाल गोड करण्यात आठवडा गेला. बेसूर आकडे सरळ काढून टाकले. पेई-चिन म्हणे, मग यात पाऊस कुठे राहिला? कलेसाठी त्याग करावा लागतो, हे तरुणांना कळत नाही. चाल मात्र कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. थोर चालींचं असंच असतं.

२४ मार्च, दुपारी साडेचार
जिंकलो! दुसऱ्याच ओळीला वर्ग उभा राहिला. झोपणारे चौघेसुद्धा! डोळे भरून आले.

पावणेपाच
उभे राहिले ते पिशव्या उचलून जिन्याकडे धावायला. चाल घंटागाडीची निघाली; इथे तैवानात ती गाणं वाजवत येते आणि कचरा आपणच धावत जाऊन टाकायचा असतो. खिडकीतून पाहिलं, तर दहाही जण कोपऱ्यावर माना वळवत गाडी शोधताहेत. तू बाई वर्गाची कचऱ्याची बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे. मावशी ओरडल्या, अगं बाई, आज बुधवार, गाडीची सुट्टी! आज कुठली आलीय मेली गाडी!
लाज वाटली. फार.
पेई-चिन तेवढी जागेवर होती. तू का नाही गेलीस, विचारलं. म्हणाली, सर, घंटागाडीला ऑगस्टमध्ये उचकी लागत नाही.

३१ मार्च
वर्ग चालू राहणार! माझी कल्पना बाईंना पटली. फक्त शिकवणार पेई-चिन. त्यामुळे विद्यार्थी दहाच उरले, म्हणून मीच नाव घातलं. मागच्या रांगेत जागा मिळाली.
गृहपाठ: ऑगस्टमधले गळालेले दिवस शोधणे. सोपं आहे. उद्या बघू.