न येणाऱ्या प्रश्नांची वही

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझी शाळा चौथीतच सुटलेली, लिहायचा मला कंटाळा. तरी लिहिते आहे, तेही तुम्ही दिलेल्या वहीत. इतकी वर्षं कोरीच पडली होती. तुमची बदली झाली तेव्हा आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या पायरीवर ती माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "आपल्याला न येणारं यात लिहायचं." मला राग आला होता. वाटलं होतं, नर्सबाई जाताना साडी देतील, निदान बांगड्या.

तुमची स्वतःची वही मला अजून दिसते. मी फरशी पुसते आहे, तुम्ही सुया उकळताय आणि दारात बायांची गर्दी. बाई, उचकी कशानं लागते? एकीनं जांभई दिली की दुसरीला का येते? येत असेल ते तुम्ही सांगता, नसेल तर सरळ म्हणता, "ठाऊक नाही. गुरुवारी डॉक्टर आले की विचारते," आणि लिहून घेता. शुक्रवारी मी घरोघर उत्तरं पोचवत फिरते. नर्स असून 'ठाऊक नाही' म्हणायचं, याची मलाच लाज वाटायची. म्हणून त्या दिवशी तुम्ही फेरीवर गेलेल्या असताना कुंभाराची सून पळत आली, पोराला जुलाब लागलेत, पाणी देऊ का म्हणाली, तर मी झाडू न ठेवताच सांगितलं, "पाणी बंद कर, आपोआप थांबतील." आमच्या घरी तसंच करायचे. पोर सुकून गेलं, तालुक्याला न्यावं लागलं. जगलं, म्हणून आज लिहू तरी शकते. ती तणतणत आली तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "तू सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही बाई, ती खोटं बोलते." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग सगळ्यांदेखत तिला म्हणालात, "चूक माझी. मी इथं असायला हवं होतं."

आता मी अमेरिकेत, फ्रिस्कोत असते. नवरा इथल्या हॉटेलात स्वयंपाकी, आणि मी घरोघर पोळ्या करते. एका घरी पुण्याचे काका मुलाकडे राहायला आलेत. बायको गेल्यावर मुलानंच आणलं. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, म्हणून मी आले की ओट्याशी उंच स्टूल ओढून बसतात आणि प्रश्न सुरू. मावशी, पोळी कशानं फुगते? "वाफेनं." मावशी, रात्री पायात गोळे का येतात? "दिवसभर बसून राहता म्हणून." मी म्हटलं, काका, मुलाला विचारा, नाहीतर डॉक्टरला. तर म्हणतात, "मुलगा मीटिंगमध्ये असतो, डॉक्टरला अपॉइंटमेंट लागते. तुम्ही बऱ्या, रोज येता." मला बोलून मोकळं व्हायची घाई, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलं की बरंही वाटतं. इथं मला दुसरं कोण काय विचारतंय?

एक दिवस त्यांनी हातात ग्रेपफ्रूट धरलेलं. "मावशी, हे बीपीच्या गोळीबरोबर चालतं का हो?" तवा तापलेला, कणीक वाळत चाललेली. मी वरही न बघता म्हटलं, "पपनसच आहे ते. पपनसानं कधी कुणाचं बिघडलंय? खा बिनधास्त." ते रोज खायला लागले. मलाही फोडी सोलून द्यायचे. पंधरा दिवसांत चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, कपाळाला टाके पडले. डॉक्टरनं सांगितलं, त्या फळानं त्यांच्या गोळीचा जोर वाढतो. आणि मला सांगा बाई, त्यांनी नेमकं तेवढंच विचारलं होतं की नाही?

आज मुलगा घरीच थांबला होता. मी लाटत होते आणि तो काकांवर ओरडत होता. "बाबा, यू कान्ट जस्ट ईट एनीथिंग! कुणी सांगितलं तुम्हाला?" काका म्हणाले, "कुणी नाही रे. मलाच वाटलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलगा म्हणाला, तुम्हाला घरी एकटं ठेवायची भीती वाटते, शनिवारचं तिकीट बघतो, तिकडे पुण्यात आत्याचं तरी लक्ष राहील. काका मान खाली घालून बसले. सगळ्यांशी फटकन बोलणारी मी, तेवढं एक वाक्य बोलले नाही. पोळ्या डब्यात भरल्या आणि निघाले. त्या घरचं काम जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून, मावशीला काही कळत नाही, हे त्यांना कळेल याचीच जास्त.

मी दाराशी पोचले तेव्हा काकांनी हळूच विचारलं, "मावशी, टाके पडले तिथं खाज का येते हो?" इथं लिहिलंय, वहीतला पहिला प्रश्न.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं, आणि तुमच्या वहीतलं पान मला फाडवत नाही. कुंभाराच्या सुनेला मीच सांगितलं होतं, बाई. ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर ही वही दिलीत. उद्या सकाळी ती पिशवीत लाटण्याशेजारी ठेवणार आहे. रोजच्यापेक्षा लवकर, मुलगा ऑफिसला निघायच्या आधी पोचणार आहे. त्याच्यासमोर तोंड उघडेन का? ठाऊक नाही.