शॉवरच्या नळावरची चिंधी

मंगळवार, पिंप्राळा. संध्याकाळी.

शॉवर गळायचा थांबला. बरं वाटायला हवं, पण नाही वाटत.

आई सोनगीरहून आमच्याकडे राहायला आली त्याला महिना झाला. तेव्हापासून मी तिला रोज तेच ऐकवतोय. "आई, अंघोळ झाली की नळ नीट बंद करत जा. इथे पाणी चार दिवसांआड येतं." ती नुसतं "हाव, भाऊ" म्हणायची. तरी थेंब थेंब चालूच. गेल्या आठवड्यात नळाच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली दिसली, तर त्यावरूनही मी कुरकुरलो. काय हा पसारा!

आज सुट्टी, म्हणून पान्हा घेतला. नळ खोलला तर आतला वायसर पार झिजलेला. कितीही आवळला असता तरी पाणी थांबणारच नव्हतं. मग चिंधी कशाला होती तेही कळलं. आईची बोटं आखडतात, पकड बसावी म्हणून. म्हणजे रोज ती जीव खाऊन नळ आवळत होती. माझ्या बोलण्यापायी.

नवा वायसर टाकला. आता नळ एका बोटाने बंद होतो. आईला सांगायचं होतं की तुझं काही चुकलं नव्हतं. बोललो काय, तर "झाला दुरुस्त."

ती म्हणाली, "मन्हाच हाते बिघडना व्हई, भाऊ."

तेव्हा तरी, नाही, तुझ्या हाताने नाही बिघडला, असं म्हणायचं ना! पान्हा उचलून ठेवला. माझे हात काळे झालेले बघून तिने तीच चिंधी पुढे केली.

आणि मी पुसले.