कुंडीतली मणत्तक्काळी

१८ नोव्हेंबर
तोंड आलंय. जिभेवर चार फोड. डॉक्टर म्हणाले, बोलणं बंद, मिरची बंद, कढत कॉफी बंद. घरात कुणाला काही सुनावता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. सोळा डिसेंबरला मार्गळी महिना लागतो. देवाला जागवायच्या पहाटेच्या भजनाला कुंभकोणमच्या या गल्लीत टाळ घेऊन सगळ्या बायकांच्या पुढे मीच असते. त्याआधी बरी होणार. प्रश्नच नाही.

१९ नोव्हेंबर
तोंडाला एकच उपाय, मणत्तक्काळीचा पाला. समोरच्या कोमळवल्ली मामीने जुडी पाठवली. निरोप असा की, "मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलाय, पण गुण येतो." परत पाठवली. वांग्या-टोमॅटोच्या कुळातली वनस्पती आहे. तिची निगा मोरीने राखायची? मी बीएस्सी बॉटनी, फर्स्ट क्लास. स्वतः लावणार.

२० नोव्हेंबर, सकाळी
कुंडी, चाळलेली माती, शेणखत. बियाणं घरचं: बरणीतली मणत्तक्काळीचीच वाळवलेली फळं, उन्हाळ्यात मीच घातलेली. कुस्करून पेरली. सूनबाई, म्हणजे वकुळा, म्हणाली, "अम्मा, ती तर मिठाच्या ताकात मुरवून..." हात वर करून थांबवलं. इतिहासात बीए झालेल्यांनी बियांबद्दल बोलू नये.

२५ नोव्हेंबर
मौन उत्तम चाललंय. फक्त दूधवाल्याशी पाण्याबद्दल, इस्त्रीवाल्याशी कॉलरबद्दल आणि यांच्याशी एकंदरीत बोलले. लिंबाचं लोणचं थोडं चाटलं. आंबट जंतुनाशक असतं. फोड सहा.

३० नोव्हेंबर
कुंडीत अजून काही नाही. आधी मुळं धरत असणार. विहिरीकडे मात्र रान माजलंय. पाखरांची कृपा! मऊ पानं, इवली पांढरी फुलं, हिरव्या मण्यांसारखी फळं. सगळं उपटलं. वकुळा म्हणाली, "द्या, मी बघते त्याचं." निदान कचरा तरी उचलते.

५ डिसेंबर
पुन्हा उपटलं, पुन्हा तिने उचललं. दोनतीनदा जेवणात नारळाच्या दुधातली कसलीशी पालेभाजी झाली. कडसर, पण खाल्ली. कसली ते विचारलं नाही, मौन. फोड दोन. मनोबलाने काय होत नाही!

९ डिसेंबर
वकुळा स्वयंपाकघरात भजनं गुणगुणते. सूर चोख. माझ्याच सहवासाचा परिणाम. हे म्हणाले, "घर हल्ली शांत वाटतं." माझी उणीव भासते आहे.

१२ डिसेंबर
फोड गेले. कुंडी रिकामी. म्हणजे पाला न खाताच बरी झाले! मामीला दारात उभी करून हे तासभर समजावलं. कढत कॉफी घेतली. मिरचीची भजी, चारच. संध्याकाळी विहिरीकडे उरलंसुरलं रान खणून काढलं आणि वर कळीचा चुना ओतला. कायमचा बंदोबस्त.

१४ डिसेंबर
फोड सात. पाटीवर लिहून वकुळाला दाखवलं, ती कडसर भाजी कर.
ती म्हणाली, "कशाची करू, अम्मा? तुम्ही उपटत होतात तीच मणत्तक्काळी होती. आता चुन्यात काय उगवणार?"
आधी का नाही सांगितलंस, असं लिहिलं.
"सांगायला गेले की तुमचा हात वर!"
पाटी पुसली.

१६ डिसेंबर, पहाटे
बायका दारात आल्या. घशातून सूर निघाला, जिभेने शब्द होऊ दिला नाही. मामी म्हणाली, "चल गं वकुळा. यंदा देव जागा होईल, दचकणार नाही." सगळ्या हसल्या. हेसुद्धा.

आज मामीकडून घेतली: मोरीच्या पाण्यावरच्या पाल्याची जुडी, एक.
वकुळाला दिले: पितळी टाळ, एक जोडी. फक्त तोंड बरं होईपर्यंत. दोरी तिच्या बोटांना सैल होत होती. गाठ मीच मारून दिली.