आत्याच्या नावाचा चौकोन

३ फेब्रु., सोम.
मनोरीला आत्याच्या पडवीत त्यांच्या मासेविक्रीच्या वेबसाइटची वायरफ्रेम, म्हणजे कच्चा आराखडा, दाखवली. रंग नाही, फोटो नाही, नुसते करडे चौकोन. आत्या हसली. "हे काय गो, रिकामी खोकी?" म्हटलं, आधी कुठे काय येणार ते ठरवायचं, मग सजवायचं. मग आत्या आणि तिच्यासोबत मासे विकणाऱ्या चौघी, सगळ्यांनी आपापला चौकोन शोधला. प्रत्येकीचं नाव, तिचाच नंबर. गिऱ्हाईक थेट तिला फोन करणार, मधे कुणी नाही. याच एका गोष्टीवर तयार झाल्या. झकास वाटलं.

७ फेब्रु., शुक्र.
अंधेरी, ऑफिस. फाइल निखिलकडे, माझ्या धंद्यातल्या पार्टनरकडे. रंग, फोटो, पुढचं सगळं तोच बघतो, कॉलेजपासून. "चौकोन हलवू नकोस रे." "वेडी आहेस का?"

२० फेब्रु., गुरु.
साइट सुरू. मला न सांगता! पाचही नावं गायब. त्या जागी एकच मोठं बटण, 'ऑर्डर करा'. त्यावरचा नंबर लावला तर वांद्र्याचा कुणी व्यापारी. मासे बायकांचे, गिऱ्हाईक त्याचं. फोटो मात्र आत्याचा, टोपलीसकट.
निखिल म्हणे, "वायरफ्रेम कच्चीच असते यार, बदलते. त्याच्याकडे गाड्या आहेत, बर्फ आहे. बायकांचं भलंच होईल ना."
निर्लज्ज. बदल मलाही कळतो. बटण वर-खाली होतं, अक्षरं लहान-मोठी होतात. माणसं उडवत नाहीत. रोज समोर बसून चहा पीत होता, चकार शब्द नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

२१ फेब्रु.
आत्याचा फोन. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू दाखवलंस म्हणून हो म्हटलं गो. त्या निखिलला आम्ही कुठे ओळखतो?" मला माहीत नव्हतं म्हटलं. तिने फोन ठेवला. पटलं नसावं.

२३ फेब्रु., रवि.
भांडुप, घरी. आई म्हणते, निखिलसोबतचा जमलेला धंदा मोडू नकोस. पण साइटचा पासवर्ड माझ्याकडेही आहे. जेवण झाल्यावर बसले आणि व्यापाऱ्याचं बटण काढलं. पाचही नावं, नंबर, होते तिथे परत.
निखिलचे कॉल वर कॉल. उचलले नाहीत. त्याच्याकडेही पासवर्ड आहेच.
आत्याला फोन केला. "आत्या, बघ, नावं परत आली."
तिने बघितलं. मग म्हणाली, "उद्या असतील?"
मी म्हटलं, बघू.