पुलाच्या अलीकडचं वेल्स

आई, परवा रविवारी बाबांना घेऊन पुलाजवळच्या हिरवळीवर गेले होते. बाकावर बसून आम्ही चिप्स खाल्ल्या. म्हणजे बाबांनी खाल्ल्या आणि मी मीठ कमी घाला म्हणून बडबडत राहिले. तुझीच गादी चालवते आहे, दुसरं काय. तिथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यावर आधी तुलाच फोन करावासा वाटला. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी हात फोनकडे गेला बघ. तो करता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. टेबल तेच, स्वयंपाकघरातलं, जिथे तू बटाटे सोलता सोलता मला शुद्धलेखन घालायचीस आणि वहीकडे न बघता माझी वेलांटी चुकल्याचं सांगायचीस. ते तुला कसं कळायचं हे मला अजून कळलेलं नाही.

आपलं गाव ते केवढं, पण त्याला देश दोन. पुलाच्या अलीकडे इंग्लंड, पलीकडे वेल्स. अलीकडच्यांचा कचरा मंगळवारी न्यायचे, पलीकडच्यांचा गुरुवारी, आणि मंगळवारी विसरलेली पिशवी गाडीत घालून पलीकडच्या मैत्रिणीच्या दारात नेऊन ठेवणारी अख्ख्या गावात तूच. ज्या वर्षी वेल्समध्ये औषधं फुकट झाली, त्या वर्षी बाबा रोज जेवताना तेच पुराण लावायचे. "अगं, पेशंट तोच, खोकला तोच, फक्त घर कुठल्या बाजूला आहे ते बघून याला फुकट आणि त्याला पैसे. मी डॉक्टर आहे का तलाठी?" तू आमटी वाढत म्हणायचीस, "अहो, खोकल्याचं नंतर, आधी गरम आहे तोवर जेवा." मला त्या वेळी त्या पुराणाचा कंटाळा यायचा. नीट ऐकायला हवं होतं, हे परवा कळलं.

पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. तुझा जावई पलीकडचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. तू त्याला पहिल्या भेटीत कांदेपोहे दिलेस, त्याने तीनदा मागून घेतले, आणि तुझ्याकडून विषय संपला. बाबांकडून संपला नाही. त्यांनी लीड्सच्या मित्राला कधीतरी शब्द देऊन ठेवला होता. मित्राचा मुलगा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मराठी, वगैरे. मी नाही म्हटल्यावर आठवड्याभराने एका संध्याकाळी बाबा कोट काढता काढता म्हणाले, "तुझं तू कर. पेशंटसाठी मी रोज पूल ओलांडतो, तो ओलांडेन. पण या लग्नासाठी वेल्समध्ये पाऊल ठेवणार नाही." लग्न पलीकडच्या हॉलमध्ये, पैसे भरून झालेले. मी वर जाऊन रडले. बाबा एकदा बोलले की बोलले, हे तुझ्याइतकंच मलाही ठाऊक होतं. बाबांशिवाय लग्न मला नकोच होतं, पण लग्न तर हवं होतं. तू मागून वर आलीस, माझ्या पलंगावर बसलीस आणि म्हणालीस, "रडून झालं की खाली ये. मला कौन्सिलला फोन लावून दे, माझं इंग्लिश ते मुद्दाम समजून घेत नाहीत."

तुझ्या डोक्यात सीमांतपूजन शिरलं होतं. तुझं स्वतःचं पुण्याच्या कार्यालयात झालं होतं, जेवणाचा हॉल आणि हात धुवायची बेसिनं यांच्या मधल्या दारात. "कसली सीमा आणि कसलं काय," तू म्हणायचीस, "नवऱ्या मुलाला गावाच्या शिवेवर जाऊन घेऊन यायचं असतं. मी इतकी वर्षं खऱ्या शिवेवर राहते, आणि लेकीचं सीमांतपूजन हॉलमध्ये करू?" मी म्हटलं, आई, कोणी कोणाचे पाय धुणार नाहीये, हे २००८ साल आहे. तू म्हणालीस, "सीमांतपूजनात नवरीचं काही काम नसतं. तू गप्प बस." पुलाच्या अलीकडच्या हिरवळीवर परवानगी मागायला आपण आपल्या बाजूच्या कौन्सिलला फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, ती जागा आमच्याकडे नाही, पलीकडच्या कौन्सिलला विचारा. नदीने कधीकाळी वाट बदलली, हद्द मात्र जुन्या पात्रावरच राहिली. पूल आणि त्यावरची वेल्सची पाटी काही म्हणो, ती हिरवळ वेल्सची. मी हे तुला सांगितलं आणि तुझा चेहरा असा काही उजळला की मला भीती वाटली. "बाबांना सांगायचं नाही," एवढंच म्हणालीस आणि पोळ्या लाटायला लागलीस.

बाबांना तू किती साळसूदपणे सांगितलंस. "अहो, पलीकडे यायचं नाही ना, नका येऊ. सीमांतपूजन पुलाच्या अलीकडे आहे. तेवढं करा आणि घरी येऊन टीव्ही बघा." बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं, तुझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अलीकडे ना? मग ठीक आहे." मी दाराआड उभी. तू शांतपणे शेंगा सोलत होतीस.

मग तो दिवस, लग्नाच्या आदला. मी साडी नेसून बाकावर बसले आहे, गप्प, तुझ्या हुकमाप्रमाणे. बर्मिंगहॅमहून आलेले गुरुजी, जे एरवी बँकेत असतात, वाऱ्याने उडणारे कागद गुडघ्याखाली दाबून मंत्र म्हणताहेत. पुलावरून पलीकडचं वऱ्हाड येतं, पुढे बँडऐवजी एक ट्रॅक्टर, त्याला झेंडूची माळ. तुझा जावई बूट काढून पाटावर बसतो. त्याच्या मोज्याला भोक आहे आणि ते बर्मिंगहॅमहून आलेल्या तुझ्या सगळ्या मराठी मैत्रिणी बघतात. तू तांब्या धरतेस, पाणी घालतेस. बाबा खाली वाकतात, त्याचे पाय धुतात, टॉवेलने पुसतात, आणि अंगठा दाबून बघत हळूच विचारतात, "हे नख आत वाढतंय, दुखतं का?" तो म्हणतो, "थोडंसं." बाबा म्हणतात, "सोमवारी ये, बघू." मला तिथेच कळलं की नव्वद टक्के काम झालं आहे. पुढे विहीणबाईंचे पाय धुवायची वेळ आली, तर त्या म्हणाल्या की आधी स्टॉकिंग्ज काढाव्या लागतील, सगळ्यांनी पाठ फिरवा. गाव पाठ फिरवून उभं राहिलं. तुझं पाय धुणं झाल्यावर त्या गवतात बसकण मारून म्हणाल्या, आता तुमचे द्या, असं एकतर्फी मला चालणार नाही. तू इतकी लाजलीस. आणि पाय पुढे केलेस. मी नवरी म्हणून ज्यावर भांडत होते ते त्या बाईंनी एका वाक्यात मिटवलं.

सगळं आटोपलं, पेढे वाटून झाले, बाबा घराकडे वळले. तू पदर खोचलास आणि हाक मारलीस, "अहो, एक मिनिट." अख्ख्या वऱ्हाडापुढे तू त्यांना सांगितलंस की ते मघापासून वेल्समध्ये उभे आहेत. लग्नासाठी वेल्समध्ये पाऊल ठेवून, नुसतं ठेवून नाही, बसून, वाकून, टॉवेल वापरून झालं आहे. बाबांनी पायाखाली बघितलं, पुलावरच्या पाटीकडे बघितलं, कपाळाला हात लावला. "फसवलंस मला," ते म्हणाले. "आता पाऊल पडलंच आहे तर जेवूनच जातो." त्या रात्री ते हॉलमध्ये विहीणबाईंबरोबर नाचले, दुसऱ्या दिवशी अक्षता टाकल्या, आणि सोमवारी तुझ्या जावयाचं नख कापलं.

हा किस्सा तू मरेपर्यंत पुरवलास. बर्मिंगहॅमच्या एकेकीला फोन करून, मग पुण्याला. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्सला सांगितलास, बाबा शेजारी बसलेले असताना. ते म्हणाले, "हो ना सिस्टर, पार फसवलं हिने मला." तू हसत होतीस. मला तुझं ते हसणं फार आठवतं, आई. इतकं की कधी कधी भाजी घेता घेता दुकानात मधेच थांबते.

तर परवा, चिप्स संपल्यावर, बाबांनी हिरवळीच्या कडेची ती शेवटची कॉटेज दाखवली. तिथे दम्याच्या एक आजी राहायच्या. "त्यांचं औषध फुकट होतं," बाबा म्हणाले. "मीच लिहून द्यायचो. घर वेल्समध्ये, तर दारापुढचं गवत काय इंग्लंडमध्ये असणार?" मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं? "अगं, मला यायचंच होतं. बोलून बसलो होतो, माघार कशी घ्यायची ते कळेना. तुझ्या आईने वाट काढून दिली, मी त्या वाटेने चालत आलो." मग तिला कधीच का नाही सांगितलं? त्यांनी कागदाचा बोळा केला, खिशात घातला. "किती खूश होती. जन्मात एकदा मला फसवलं म्हणून. ते कशाला काढून घ्यायचं?" मग उठताना माझा हात धरून म्हणाले, "तू पण तिला सांगू नकोस हं." अगदी तू घरी चहा टाकून वाट बघत असल्यासारखं. मी हो म्हटलं.

आणि हे बघ, दोन दिवसांत सगळं लिहूनसुद्धा टाकलं. पोटात काही राहत नाही माझ्या, तू म्हणायचीसच. आता हे पत्र ड्रॉवरमध्ये टेकअवेच्या मेन्यूंखाली ठेवते. बाबा तिकडे बघत नाहीत, आणि तुझ्यापर्यंत ते पोचायला नकोच. पण पोचलंच कुठून, तर एवढंच वाच: तू त्यांना फसवलं नव्हतंस, आई. ते आपणहून आले होते.