वडगावातली वेल्श कादंबरी

१९ जानेवारी १९८१
ग्वेनचं पाकीट आलं, या खेपेला जड. ती वेल्समध्ये शाळेत शिकवते, मी इथे सीमाभागात, वडगावच्या मराठी शाळेत. दहा वर्षं पत्रं चाललीत, तोंड पाहिलेलं नाही. आत एक वेल्श कादंबरी, तिच्या शेजारच्या म्हातारीनं लिहिलेली. मला एक अक्षर कळत नाही. ग्वेन एकेक प्रकरण इंग्रजीत उतरवून पाठवणार, मी मराठी करायचं. अट एकच : काम झालं की इंग्रजी पत्रं जाळायची. म्हातारी म्हणते, पुस्तक कुठल्याही भाषेत जावं, इंग्रजीत नको; तिनंच आमची वेल्श दाबली. खमकी दिसते. करणार.

२ फेब्रु.
प्र. १ झालं. पुढच्या शतकातली गोष्ट. सरकार घरटी शब्दांचं रेशनकार्ड देतं. कार्डाबाहेरचा शब्द बोललात तर भिंतीतलं यंत्र टिपून ठेवतं. नेस्टा, खाणकामगाराची लेक. तिच्या घरी तपासणीला साहेब येतो. आपलंच की हे.

४ फेब्रु., अमावस्या
आज माग बंद. अमावस्येला आम्ही विणकर मागाला हात लावत नाही, म्हणून वाचायला हाच दिवस. एरवी खटखटीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. शाळा सुटल्यावर थोरली बहीण आक्का, भाऊ आण्णा, शेजारची शांतव्वा आणि चार बायका बसल्या. जीव ओतून वाचलं.
शेवटी आक्का म्हणाली, "त्या सायबीणीला घराभायेर का काढत न्हाईत गं?"
कुठली साहेबीण?
"ती नेस्टा. तपासाया आलीया न्हवं ती?"
सगळ्यांनाच तसं वाटलेलं! नेस्टाच्या तोंडी मी पाठ्यपुस्तकातलं मराठी घातलं होतं. आक्का म्हणते, "तसं हितं कचेरीतलंच बोलत्यात."
रडू आलं. मग राग, स्वतःचाच. वर्गात पोरांच्या वहीतलं 'न्हाय' मी लाल शाईनं खोडते. भिंतीतलं यंत्र मीच.

१५ फेब्रु., रविवार
पुन्हा पहिल्यापासून. आक्का मागाशी बसून नव्या ताण्याच्या धाग्यांची टोकं जुन्याला पिळून जोडत होती, मी खाली वही घेऊन. नेस्टा काय म्हणेल ते ती सांगते, मी लिहिते. कानडी शब्द येतात. येऊ देत. घरात आहेत ते पुस्तकात का नकोत?

६ मार्च, अमावस्या
या खेपेला साहेब दारात आल्याबरोबर शांतव्वा म्हणाली, "घाल त्येच्या डोस्क्यात तांब्या." ही घरी कानडीच बोलते, तरी नेस्टाची बाजू तिनंच घेतली. जमलं!
येळ्ळूरहून आण्णाचे दोन मित्र खास ऐकायला आलते.

२३ ऑगस्ट
शेवटचं सोडून सगळी प्रकरणं झाली. साहेब बंदी घातलेल्या शब्दांची यादी नेस्टापुढे ठेवतो, खाली सहीची रेघ. सही केली तर तिच्या मुलाला शाळेत घेणार. तिथंच तुटलंय. ग्वेनचं पुढचं पत्र नाही. झालंय तेवढं नकलून पुण्याच्या प्रकाशकांना पाठवलं.

२१ सप्टें.
पुण्याचं उत्तर. पहिल्या पानावर 'सीमाभागाचा अभिमान' वगैरे. छापणार! दुसऱ्या पानावर यादी. डावीकडे आमचे शब्द, उजवीकडे त्यांचे. बोली आणि 'कानडी वळण' काढायचं, मान्यतेची सही करून यादी परत पाठवायची, मगच छपाई. खाली रेघसुद्धा मारून दिलीय.
आण्णा म्हणाला, "कर की सही. पुस्तक तरी येतंय." मराठीसाठी हा दोनदा आत जाऊन आलाय. त्याच्याशी भांडले. खरं म्हणजे पेन हातात घेतलं होतं. पुन्हा कोण छापणार माझं?
आक्का म्हणाली, वाच. वाचलं. न्हाय, नाही. लई, फार. गुंडी, बटण. आक्का, ताई.
"आँ? मलाबी खोडलंय?"
पेनाला टोपण लावलं.

२७ सप्टें., सर्वपित्री अमावस्या
पितरांचं पान वाढून झालं, जेवणं झाली, मग यादी सगळ्यांपुढे वाचली. आधी हसणं. मग शांतव्वा म्हणाली, "माझ्या सासूचा एक शब्द ऱ्हायला बघ ह्यात. लिव्ह." ती सांगेल तसा लिहिला. आक्कानं आईचे सांगितले, कुणी आजीचे. शेवटी आण्णानंही, मान खाली घालून, आमचे वडील, आप्पा, माग बिघडला की द्यायचे ती शिवी सांगितली. तीही घातली. एका पानाची तीन पानं झाली. गेलेल्या माणसांचं बोलणं एवढं उरलंय घरात, माहीत नव्हतं.

३० सप्टें.
यादी पुण्याला रजिस्टर केली. सहीच्या रेघेवर काही नाही. सोबत दोन ओळी : 'यातला एकही शब्द निघणार नाही. उलट वाढलेत, ते कादंबरीत घालणार आहे. छापायचं तर असंच.' नकार आला तर दर अमावस्येला वाचेन, आहेतच माणसं. पण छापून यावं असं फार वाटतं. खोटं कशाला बोलू.
परत येते तो ग्वेनचं पाकीट दारात. शेवटचं प्रकरण. आक्का फोडू देत नाही, म्हणते सगळ्यांपुढे, अमावस्येलाच. नेस्टानं सही केली का ते तेव्हा कळेल.
मी न्हाय केली.